भाऊ धर्म बदलणार म्हणतो, हे अचानक कसं झालं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात परत मांडते. तुमचा भाऊ २६ वर्षांचा, नोकरीसाठी तीन वर्षं दुसऱ्या शहरात एकटा राहतो, मागच्या महिन्यात घरी आला आणि रात्री जेवणं झाल्यावर सगळ्यांसमोर म्हणाला की मी धर्म बदलायचं ठरवलंय. तेव्हापासून आई नीट बोलत नाही, बाबा म्हणतात कोणीतरी ब्रेनवॉश केलंय, काका म्हणतात नोकरी सोडायला लावा, घरी आणा आणि लग्न लावून टाका. आणि तुम्ही विचारताय की चांगला हुशार मुलगा असा अचानक कसा बदलतो आणि त्याला परत कसं आणायचं.

माझ्याबद्दल एवढंच की मी फॅमिली काउन्सेलर आहे, २२ वर्षं झाली, आणि त्यातली निदान पंधराएक वर्षं धर्मावरून फाटलेली घरं माझ्याकडे बऱ्यापैकी येतात. ठरवून झालं नाही, एकाचं बरं झालं की तो दुसऱ्याला नंबर देतो. धर्म बदलणारे येतात, सोडणारे येतात, लग्नासाठी बदललेले येतात, आणि सगळ्यात जास्त येतात त्यांचे आईबाप. माझ्या केसेस सांगताना कोण कुठून कुठे गेलं हे मी मुद्दाम सांगणार नाहीये (ओळख पटेल असे तपशीलही बदललेत), कारण धर्माचं नाव ऐकलं की वाचणारा लगेच बाजू घेतो आणि माणूस राहतो बाजूलाच. तुम्हीही नाव लिहिलं नाहीत, बरं केलंत.

आता तुमच्या प्रश्नातला सगळा घोटाळा त्या "अचानक" शब्दात आहे. अचानक तुम्हाला झालं, त्याला नाही. घरच्यांना जो पहिला दिवस वाटतो तो त्या माणसाच्या दृष्टीने बहुतेक वेळा शेवटच्या काही दिवसांपैकी असतो. म्हणजे आधी कुठेतरी काहीतरी खुपतं, मग तो गुपचूप वाचतो, व्हिडिओ बघतो, मग कोणीतरी भेटतं, मग एकदा जाऊन बघू म्हणून जातो, मग परत जातो, मग घरून फोन आला की काल कुठे होतास तर मित्राकडे म्हणतो (खोटं नसतंच ते), मग कधीतरी स्वतःशी कबूल करतो, आणि मग घरी कसं सांगायचं याची सहा-सहा महिने मनात तालीम करतो. माझ्याकडे आलेल्यांत पहिल्या शंकेपासून घरी सांगेपर्यंत दीड ते चार वर्षं हा अगदी कॉमन हिशोब. तो तीन वर्षं चालत आलाय आणि तुम्ही महिन्याभरापूर्वी निघालाय, तुम्हाला दम लागणारच.

जगातलं सगळ्यात गाजलेलं "अचानक" म्हणजे सेंट पॉलचं. ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा हा माणूस, दमास्कसच्या वाटेवर लख्ख प्रकाश पडला, आवाज ऐकू आला आणि तो बदलला. पण त्याच पॉलने नंतर एका पत्रात स्वतः लिहिलंय की त्यानंतर तो अरबस्तानात गेला, मग परत दमास्कसला आला आणि जेरुसलेमला येशूच्या शिष्याला, पेत्राला भेटायला गेला तो तीन वर्षांनी. संत ऑगस्टीनचंही तसंच, मिलानमधल्या एका बागेत इ.स. ३८६ मध्ये क्षणात झालं असं सांगतात, पण त्याआधी गडी नऊएक वर्षं मानी नावाच्या इराणी धर्मगुरूच्या पंथात काढून, तिथे निराश होऊन बाहेर पडलेला होता, आणि त्याची आई मोनिका वर्षानुवर्षं त्याच्यासाठी रडत होती. एकदा तर तो तिला चुकवून रात्री जहाजाने रोमला पळालाय. (आईच्या रडण्यामुळे तो वळला की त्यामुळेच वेळ लागला यावर मी एकदा एका फादरशी तासभर वाद घातलाय, ते असो.) आणि आपल्या सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण तर अचानकच्या पार उलट. हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, हे बाबासाहेबांनी येवल्याला सांगितलं ऑक्टोबर १९३५ मध्ये, आणि नागपूरला दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ ला. मध्ये २१ वर्षं वाचन, तुलना, लोकांशी बोलणं.

मग त्या मधल्या काळात होतं तरी काय? इथे एक केस जरा सावकाश सांगते कारण मला स्वतःला तिने बरंच शिकवलं.

बाप आणि मुलगा माझ्यासमोर बसलेले. बापाने येताना एक फाइल आणलेली, चांगली जाड, इंटरनेटवरून प्रिंट काढलेले लेख, त्या दुसऱ्या धर्मातल्या चुका, विसंगती, पिवळ्या हायलायटरने रंगवलेल्या ओळी आणि कडेला पेनाने नंबर घातलेले. बाप एकेक नंबर वाचतोय, मुलगा त्याला उत्तर देतोय, दोघंही तयारीचे, चाळीस मिनिटं नुसतं टेबल टेनिस. मी शेवटी मध्ये पडले आणि मुलाला म्हटलं, तू तिथे पहिल्यांदा गेलास ना, तो दिवस सांग, कोणाबरोबर गेलास. तो थांबला. म्हणाला, आई ॲडमिट होती तेव्हा. बाप म्हणाला, म्हणजे? मुलगा म्हणाला, तुम्ही दिवसा थांबायचात, रात्री मी असायचो, अकरा रात्री, आणि ऑफिसमधला एक जण रोज साडेनऊला थर्मासमधून कॉफी घेऊन यायचा, माझ्याबरोबर आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर बसायचा आणि एक-दीडला घरी जायचा. धर्माचं एक अक्षर बोलला नाही तो. आईला घरी सोडलं त्या दिवशी मीच त्याला विचारलं की तू हे का केलंस. बापाने फाइल मिटली नाही, पण बोट ज्या ओळीवर होतं तिथेच राहिलं. मग हळूच म्हणाला, नाव काय त्याचं? या गोष्टीला तेव्हा चार वर्षं होऊन गेली होती आणि घरात एकालाही त्या माणसाचं नाव माहीत नव्हतं.

हे माझं एकटीचं निरीक्षण नाही. जॉन लॉफलंड आणि रॉडनी स्टार्क या दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या भागात नव्याने आलेल्या एका छोट्या धार्मिक गटात (नंतर मोठा झालेलं युनिफिकेशन चर्च) बसून पाहिलं की लोक आत नेमके येतात कसे, आणि १९६५ मध्ये ते छापलं. आपल्याला वाटतं की शिकवण पटते आणि मग माणूस जातो. त्यांना दिसलं ते असं की गटातल्या माणसांशी नातं आधी जुळतं, गटाबाहेरची नाती त्या वेळी लांब तरी असतात नाहीतर पातळ झालेली तरी असतात, आणि शिकवण पटते ती मागाहून. आणि गंमत म्हणजे नंतर त्याच माणसांना विचारलं की का आलात, तर सगळे शिकवणीबद्दलच बोलतात. खोटं बोलत नसतात हो, माणूस आपली गोष्ट शेवटाकडून मागे अशीच लावतो. आपणही लग्न का केलं असं कोणी विचारलं की स्वभाव जुळले म्हणतो, त्या दिवशी पाऊस होता आणि दुसरं कोणी घरी सोडायला नव्हतं हे सांगत नाही.

म्हणून भाऊ जे मुद्दे सांगतोय (देव एक की अनेक, अमुक ग्रंथ खरा का खोटा वगैरे) ते खोडून काही हाती लागणार नाही, कारण तो मुद्द्यांवरून तिथे पोचलेलाच नसण्याची शक्यता जास्त. मी हे स्वतः चूक करून शिकलेय. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एका मुलीच्या घरच्यांच्या आग्रहाने मी त्यांच्या धर्मातल्या एका चांगल्या अभ्यासू गृहस्थांना माझ्या ऑफिसात बोलावलं, म्हटलं समोरासमोर चर्चा होऊन जाऊ दे. दोन तास चर्चा झाली, गृहस्थ अतिशय सभ्य होते, मुलगी बऱ्याच मुद्द्यांवर निरुत्तर झाली आणि घरचे खूश होऊन गेले. तिने पुढच्याच आठवड्यात जाऊन विधी उरकला, खरंतर तिचा विचार तीन-चार महिन्यांनी ठरवू असा होता. पुढे वर्षभराने भेटली तेव्हा म्हणाली, मॅडम मला तोपर्यंत पक्की खात्री नव्हती, पण तुमच्या ऑफिसात बाजू लावून धरता धरता झाली. ते वाक्य मला अजून टोचतं. त्यानंतर मी असली चर्चा कधी ठेवली नाही.

पण आता हेही सांगते की सगळ्यांचं गणित नात्यानेच सुटतं असं नाही, आणि इथे तुमच्या भावाबद्दल मी इथून काही छातीठोक सांगू शकत नाही. काही जण खरोखर वाचून जातात. रेव्हरंड टिळकांना रेल्वेच्या प्रवासात एका अनोळखी गोऱ्या माणसाने बायबलचा नवा करार वाचायला दिला, तो माणूस पुढे आयुष्यात राहिलाही नाही, पण पुस्तक राहिलं, आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. काही जण आधी जातात आणि श्रद्धा मागून येते. पंडिता रमाबाईंनी इंग्लंडमध्ये १८८३ ला बाप्तिस्मा घेतला, पण त्यानंतर तिथल्या धर्मगुरूंशी आणि सिस्टर्सशी त्या वर्षानुवर्षं वाद घालत होत्या, सांगितलं ते मुकाट मानायला तयार नव्हत्या, आणि आपल्याला ख्रिस्ती धर्म आधी मिळाला आणि ख्रिस्त बऱ्याच वर्षांनी सापडला असं त्यांनी स्वतःच पुढे लिहिलंय. म्हणजे धर्म बदलला की माणूस डोकं गहाण टाकतो हे काही खरं नाही.

आणि एक मोठा प्रकार असा की प्रश्न देवाचा नसतोच, माणूस म्हणून वागणूक मिळण्याचा असतो. जिथे जन्मलो तिथे मला माणूस समजत नाहीत तर मी तिथे का राहू? १९५६ चं धर्मांतर हे त्यातलं सगळ्यात मोठं. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या भागात बौद्ध होते अडीच हजाराच्या आसपास, १९६१ च्या जनगणनेत २७ लाखांहून जास्त. हे कोणी एकेकाला बाकावर बसून कॉफी पाजून झालेलं नाही, किंवा एकेकाने ग्रंथ वाचून ठरवलं असंही नाही, तो एका समाजाने मिळून घेतलेला निर्णय होता. अशा ठिकाणी "तुला तिकडे काय आवडलं" हा प्रश्नच चुकतो, "इथे काय सोसलंस" हे विचारावं लागतं. लहान प्रमाणात हे घराघरातही असतं. मुलगी, धाकटी सून, वेगळा वागणारा मुलगा, यांना घरातल्या धर्माच्या नावाखाली जे ऐकून घ्यावं लागलेलं असतं ते ऐकवणाऱ्याला आठवतही नाही. तुमच्या घरात असं काही आहे का हे तुम्हीच सांगू शकाल. मी हा प्रश्न विचारला की पहिलं उत्तर कायम "आमच्याकडे असं काही नाही" असं येतं आणि दुसरं उत्तर पंधरा दिवसांनी.

लग्नासाठी धर्म बदलणं हा वेगळाच विषय, त्यावर फार लिहीत नाही. एवढंच की मुलगी किंवा मुलगा मध्ये आहे का हे त्याला सरळ विचारा, आडून नको. असेल तर घरचे लगेच "म्हणजे श्रद्धा खरी नाही" असा निकाल देतात. मी तसा देत नाही. कित्येकांची श्रद्धा आईमुळे असते, ती आपण खरी मानतो, मग बायकोमुळे आली तर खोटी कशी?

आता बाबांचा शब्द, ब्रेनवॉश. हा शब्द आला १९५० च्या आसपास, चीन आणि कोरियातल्या कैद्यांच्या संदर्भात, म्हणजे कोंडून ठेवलेल्या माणसांबद्दल. पुढे तो नव्या धार्मिक गटांना चिकटला. तेव्हा ब्रिटनमध्ये आयलीन बार्कर नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी मगाशी सांगितलेल्या युनिफिकेशन चर्चचाच अभ्यास केला. १९७९ मध्ये लंडन भागात त्यांच्या निवासी शिबिरांना आलेले हजारावर लोक बघितले, तर दहातले जवळपास नऊ जण गटात सामीलच झाले नाहीत, आणि जे झाले त्यातलेही बहुतेक एक-दोन वर्षांत आपल्या पायाने बाहेर पडले. मेंदू धुण्याचं मशीन असतं तर इतकं वाईट चाललं नसतं. आणि काका जे सुचवतायत त्याचीही ट्रायल झालेली आहे, १९७० च्या दशकात अमेरिकेत आईबाप पैसे देऊन आपल्याच सज्ञान मुलांना उचलून आणायचे, बंद खोलीत ठेवून त्यांचं मत फिरवायचा प्रयत्न व्हायचा. काही फिरले, काही निसटून परत त्याच गटात गेले आणि आईबापांना कायमचे तुटले, आणि हे करणाऱ्यांवर कोर्टकचेऱ्या झाल्या त्या वेगळ्या. २६ वर्षांच्या माणसाला घरी आणून बसवणं म्हणजे हेच, फक्त प्रेमाने.

याचा अर्थ दबाव टाकणारे गट नसतात असा मुळीच नाही, असतात, सगळ्या धर्मांत असतात, मी बघितलेत. पण ते ओळखायचे कसे? लोक बघतात की आत कसं ओढलं, आणि आत ओढताना तर सगळेच गोड बोलतात. मी बघते की बाहेर पडायला काय लागतं. तिथे प्रश्न विचारला तर चालतो का, की शंका म्हणजे पाप? त्यातून बाहेर पडलेला एखादा माणूस त्याच्या ओळखीत आहे का आणि त्याच्याबद्दल ते काय बोलतात? पगाराचा हिशोब कोणाकडे आहे? जुन्या मित्रांना, घरच्यांना भेटायला परवानगी लागते का? फोनवर बोलताना शेजारी कायम कोणीतरी असतं का? पासपोर्ट, सर्टिफिकेटं त्याच्या स्वतःच्या ताब्यात आहेत ना? यातल्या दोन-तीन गोष्टींना जरी "हो, गडबड आहे" असं उत्तर आलं तर मग विषय धर्माचा राहत नाही, सुरक्षिततेचा होतो, आणि माझं उत्तरही बदलेल. तुम्ही लिहिलंय त्यावरून तो रोज ऑफिसला जातो, रविवारी स्वतःहून फोन करतो, घरी येऊन तोंडावर सांगतो. कोंडलेला माणूस असं करत नाही.

मध्येच एक वेगळी गोष्ट, कारण तुमच्या प्रश्नाखाली एकाने विचारलंय की "मी धर्म बदलत नाहीये, सोडतोय, माझंही असंच का?" थोडं असंच, थोडं उलट. बदलणाऱ्याला पलीकडे कोणीतरी हात धरायला असतं, सोडणारा बहुतेक वेळा एकटाच असतो. हेलन रोज इबॉ नावाच्या समाजशास्त्रज्ञ, ज्या आधी स्वतः नन होत्या, त्यांनी अशा बाहेर पडण्यावर १९८८ मध्ये पुस्तक लिहिलं, त्यांच्या मते आधी शंका, मग दुसरं काय करता येईल याची चाचपणी, मग एखादा वळणाचा क्षण आणि शेवटी "माजी" म्हणून जगायला शिकणं. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या चाळिशीच्या. मनातून श्रद्धा गेलेली सहा वर्षं झाली होती पण रोज संध्याकाळची प्रार्थना मोठ्याने म्हणायच्या, कारण मुलीला त्या आवाजात अभ्यास करायची सवय. मुलगी हॉस्टेलला गेली आणि यांनी बंद केली. तीन आठवडे घरात कोणाच्या लक्षातही आलं नाही. त्या माझ्यासमोर रडल्या त्या देव गेला म्हणून नाही, कोणी विचारलं नाही म्हणून. उलट टोक म्हणजे जर्मनीत धर्म सोडणं हे चक्क सरकारी काम आहे, नोंदणीकृत चर्चच्या सदस्याच्या इन्कम टॅक्सवर आठ किंवा नऊ टक्के चर्चचा कर लागतो, तो नको असेल तर सरकारी ऑफिसात जाऊन चर्च सोडत असल्याचं लिहून द्यावं लागतं. कित्येकांची श्रद्धा कधीच गेलेली असते, पगाराच्या स्लिपवर आकडा दिसतो तेव्हा कागदावरून जातात.

परत तुमच्याकडे येते. त्याने "ठरवलंय" म्हटलं म्हणजे नेमकं कुठवर आलाय हे विचारून घ्या, कारण प्रत्येक धर्माचं दार वेगळं असतं. इस्लाममध्ये साक्षीचे शब्द मनापासून उच्चारले की माणूस मुस्लिम. बौद्ध धम्मात त्रिशरण-पंचशील. ख्रिस्ती चर्चेसमध्ये बाप्तिस्म्याआधी शिकवणीचे वर्ग असतात, कुठे काही आठवडे तर कुठे वर्षभर. ज्यू धर्मात तर परंपरा अशी की रब्बी येणाऱ्याला आधी परतच पाठवतो, खरंच हवंय का बघतो, आणि नंतरही अभ्यासात वर्ष-दोन वर्षं सहज जातात. पारशी लोक बाहेरच्याला साधारणपणे घेतच नाहीत. तर कदाचित त्याच्यापुढे अजून बराच वेळ असेल, किंवा कदाचित त्याच्या दृष्टीने सगळं होऊनही गेलं असेल आणि तो तुम्हाला हळूहळू सांगत असेल. दोन्हीमध्ये तुमचं वागणं वेगळं नको, पण तुम्हाला माहीत असलेलं बरं.

कायद्याचंही तसंच, जागेप्रमाणे बदलतं. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात कलम १८ मध्ये धर्म बदलण्याचा हक्क स्पष्ट लिहिलाय, सौदी अरेबियाला तेव्हाच ते खटकलं होतं आणि ते मतदानात तटस्थ राहिले, आणि १९६६ च्या नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारात "बदलणे" हा शब्द जाऊन "स्वीकारणे" आला. कागदावरच एवढी ओढाताण, तर प्रत्यक्षात विचारू नका. कुठे कोणी विचारतही नाही, कुठे आधी सरकारला नोटीस द्यावी लागते, कुठे चक्क गुन्हा आहे. लग्न, वारसा, सवलती यावरही परिणाम होऊ शकतात. ते त्याने त्याच्या वकिलाला विचारावं, तुम्ही घाबरवायला म्हणून वापरू नका, त्याला लगेच कळतं.

आणि "परत कसं आणायचं" याचं माझ्याकडे उत्तर नाही, ताई. माझ्या अनुभवात आणून कोणी येत नाही. काही जण दोन-पाच वर्षांनी आपले आपण परततात, काही तिथेच सुखाने राहतात, काही तिसरीकडेच जातात. मला एवढं दिसलंय की जे परतले ते अशाच घरी परतले जिथे दार लावून घेतलेलं नव्हतं, आणि जे नाही परतले त्यांचीही आईवडिलांशी बोलाचाल राहिली ती त्याच घरांत. टिळकांचंच बघा, लक्ष्मीबाईंना न सांगता त्यांनी बाप्तिस्मा घेतला, बाईंनी जवळपास पाच वर्षं वेगळं काढली, आकांत केला, मग नवऱ्याजवळ राहायला आल्या त्या आपला धर्म सांभाळूनच, आपलं सोवळंओवळं वेगळं ठेवून. पुढे त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या ते काही काळाने आणि स्वतःच्या विचाराने. पण त्याआधीचा तो काळ बघा, एकाच घरात दोन धर्म आणि तरी संसार चालू. ते जमतं. कटकटीचं असतं पण जमतं.

तुमच्या आईंसाठी एक. त्यांचं दुःख मुलगा नरकात जाईल का हे आहे, की लोक काय म्हणतील हे आहे, की आपलं काहीतरी चुकलं हे आहे, की तो आता आपला राहिला नाही हे आहे, हे त्यांना एकटीला बसवून विचारा. चार वेगळी दुःखं आहेत ही आणि घरात सगळी एकाच नावाने चालू असतात. माझ्याकडे येणाऱ्या आयांचं दहात आठ वेळा शेवटचं असतं, "माझ्या शेवटच्या वेळी तो काही करेल का?" आणि हे त्या मुलाला कधीच विचारलेलं नसतं. विचारल्यावर बहुतेक मुलं हो म्हणतात. नाही म्हणणारा एक मला आठवतो, पण तो म्हणाला मी करणार नाही पण तिथे असेन, आणि आईला तेवढं पुरलं.

तो पुढच्या महिन्यात परत येतोय असं लिहिलंय तुम्ही. पहिल्या दिवशी विषय काढू नका, त्याला झोपू द्या. दुसऱ्या दिवशी कुठेतरी चालायला जा दोघंच, आणि मी त्या मुलाला विचारलं तेच विचारा, तू तिथे पहिल्यांदा गेलास तो दिवस सांग, आणि मग मध्ये बोलू नका, पाच मिनिटं गप्प राहिला तरी बोलू नका. कोणाचं नाव निघालं तर लक्षात ठेवा आणि नंतर आई-बाबांसमोर ते नाव साधेपणाने घ्या, "तो अमुक कसा आहे रे" इतकंच. आणि मी वर जे गडबडीचे प्रश्न दिलेत त्यातलं काही हाती लागलं तर इथे परत लिहा, मी बघते. काकांना मात्र तो आठवडा बोलावू नका.